ईईजीत लाटा मंदावल्या म्हणून फिटचा आजार? एका १६ वर्षांच्या मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी १६ वर्षांची. तिची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय, तपासण्यांचा क्रम आणि कुठे काय ठरलं ते मात्र तसंच ठेवलंय, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

आमच्या न्यूरॉलॉजीच्या टीमकडे ती आली तेव्हा फाइलवर आधीच एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, असं लिहिलेलं होतं आणि लेव्हेटिरॅसिटॅम ही फिटची गोळी चालू होती. त्रास साधारण वर्षभराचा. तिने स्वतः सांगितलं ते असं: आधी हवा पुरत नाही असं वाटतं, मोठा श्वास घ्यावासा वाटतो पण तो पूर्ण लागत नाही, मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, जास्त करून डाव्या हाताला, डोळ्यांसमोर अंधारी येते, समोरची माणसं लांबून बोलतायत असं वाटतं आणि बोटं आत वळून कडक होतात. दोन वेळा ती कोसळली होती आणि काही सेकंद हाकेला ओ दिली नव्हती. जीभ चावलेली नाही, कपड्यात लघवी झालेली नाही, शुद्धीवर आल्यावर गोंधळलेली नव्हती, लगेच सगळ्यांना ओळखत होती, फक्त खूप थकलेली आणि रडवेली.

गोळी सुरू झाल्यावर झटके कमी झाले नाहीत, वर चिडचिड वाढली, झोप यायला लागली, आईच्या शब्दांत सांगायचं तर "ही आमची मुलगीच वाटत नाही आता." आणि फिटचा आजार म्हणून तिचं पोहणं बंद केलेलं, ते तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

निदान उभं होतं एका ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लाटांच्या रेकॉर्डिंगवर. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की हायपरव्हेंटिलेशन (मुद्दाम जोरजोरात श्वास घेणं) करताना मेंदूच्या सगळ्या भागांत मोठ्या उंचीच्या मंद लाटा आल्या, जनरलाइज्ड फिटचा आजार असण्याची शक्यता. आम्ही मूळ रेकॉर्डिंग मागवून घेतलं, नुसता रिपोर्ट नको म्हटलं. त्यात मंद लाटा होत्या हे खरंच, पण एकही स्पाइक (फिटच्या आजारात दिसणारं टोकदार शिखर) नव्हता, आणि जोरात श्वास घेणं थांबवल्यावर साधारण मिनिटभरात पाटी कोरी व्हावी तशा त्या गेल्या. शिवाय मुलगी त्या दिवशी रात्रीपासून उपाशी होती, भीतीने काही खाल्लंच नव्हतं, आणि हायपरव्हेंटिलेशन ५ मिनिटं करून घेतलेलं.

आणि फाइलमध्ये खाली एक कागद होता जो कोणी नीट वाचलाच नव्हता. एका झटक्यात तिला कॅज्युअल्टीत नेलं होतं, तिथे ब्लड गॅस (रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी) केलेला: पीएच ७.५८, कार्बन डायऑक्साइड २२, बायकार्बोनेट २०. (कार्बन डायऑक्साइडचे सगळे आकडे मिलिमीटर पाऱ्यात, नॉर्मल ३५ ते ४५.) बोटावरच्या मीटरवर ऑक्सिजन १०० टक्के. शेरा होता "ऑक्सिजन उत्तम, घाबरली आहे, घरी जाऊ द्या." म्हणजे ऐन झटक्यातला पुरावा ईईजीच्या आधीच हातात होता.

हे आकडे काय सांगतात

इथे जरा थांबायला हवं, कारण बरेच जण, अगदी मेडिकलमधलेही, असं धरून चालतात की जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि मेंदूला चांगलंच. होतं उलटं. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, जोरात श्वास घेऊन त्यात आणखी भर पडायला जागाच नसते. बदलतो तो कार्बन डायऑक्साइड, तो भराभर बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदूतल्या छोट्या धमन्या त्या बदलाला फार संवेदनशील असतात, त्या आकसतात. कार्बन डायऑक्साइड १ मिमी घसरला की मेंदूचा रक्तपुरवठा अंदाजे २ ते ४ टक्क्यांनी कमी होतो. एरवी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त मिळतं. ४० वरून २२ वर आलेल्या माणसात हा पुरवठा एक तृतीयांशाने, कधी जवळपास निम्म्याने खाली येऊ शकतो. २० च्या खाली गेल्यावर मात्र तो आणखी फारसा कमी होत नाही, आकसण्यालाही मर्यादा असते.

हे नवीन नाही. केटी आणि श्मिट यांनी १९४० च्या दशकात निरोगी तरुणांवर नायट्रस ऑक्साइड वापरून मेंदूचा रक्तप्रवाह मोजला होता, आणि जोरात श्वास घ्यायला लावल्यावर तो साधारण एक तृतीयांश घटलेला दिसला. मेंदूचा ऑक्सिजनचा खप मात्र घटला नाही, म्हणजे कमी रक्तातून तितकाच ऑक्सिजन ओढून घ्यावा लागला. त्यात आणखी भर म्हणजे बोर परिणाम, रक्त अल्कधर्मी झालं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज सोडत नाही. म्हणून बोटावर १०० टक्के आणि डोळ्यांसमोर अंधारी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मुंग्या आणि वळलेली बोटं वेगळ्या वाटेने येतात. अल्कधर्मी रक्तात कॅल्शियम अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला जास्त चिकटतं, मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि नसा नको तेवढ्या उत्तेजित होतात. एकूण कॅल्शियम तपासलं तर ते नॉर्मलच येतं, तिचंही तसंच आलं होतं.

आता ईईजी. जागेपणी डोळे मिटल्यावर मोठ्या माणसात ८ ते १३ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या) अल्फा लाटा दिसतात. हायपरव्हेंटिलेशन चालू झालं की त्या मंदावतात, आधी थीटा म्हणजे ४ ते ७ हर्ट्झ, मग डेल्टा, ४ च्याही खाली. लहान मुलांत आणि टीनएजर्समध्ये हे भरपूर दिसतं, वय वाढेल तसं कमी होतं, आणि साखर कमी असेल तर खूपच वाढतं. रक्तपुरवठा घटणं हे याचं एक कारण, आणि कार्बन डायऑक्साइड घसरल्याचा मेंदूच्या खोल भागातल्या, थॅलॅमसशी जोडलेल्या जाळ्यावर होणारा परिणाम हे दुसरं. कारण कुठलंही जास्त धरा, ही निरोगी मेंदूची प्रतिक्रिया आहे, आजार नाही.

मग ईईजीत हायपरव्हेंटिलेशन करवतात तरी का? कारण त्याने खऱ्या फिट्स बाहेर येतात. फोर्स्टर या जर्मन न्यूरॉलॉजिस्टने १९२४ मध्येच हे दाखवलं होतं. विशेषतः लहान मुलांच्या ॲब्सेन्स एपिलेप्सीत (मूल काही सेकंद हरवल्यासारखं होतं असा फिटचा प्रकार), गोळ्या सुरू नसतील तर ३ मिनिटांच्या जोरदार श्वासांत बहुतेकांना झटका येतोच. पण तेव्हा दिसतात ते ३ हर्ट्झचे स्पाइक-वेव्ह, अचानक सुरू, अचानक बंद, आणि मूल मधेच गप्प होतं. नुसती हळूहळू चढत जाणारी आणि हळूहळू उतरणारी मंद लाट वेगळी. या दोन गोष्टींतला फरक कळला नाही की असं प्रकरण घडतं.

समोर असलेले पर्याय

एक, गोळीचा डोस वाढवायचा. फिट थांबत नाहीत तर वाढवा, ही सवयीची वाट. पण मुळात फिट आहेत का हेच ठरलेलं नव्हतं, आणि चिडचिड हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम, तो आणखी वाढला असता.

दोन, गोळी लगेच बंद करायची. आईवडिलांना हेच हवं होतं. आम्ही नाही म्हटलं, कारण दोन वेळा ती कोसळली होती आणि त्याचं कारण अजून पक्कं नव्हतं.

तीन, "टेन्शन आहे" म्हणून समुपदेशनाला पाठवायचं. या पर्यायाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. तिला हे आधी सांगून झालेलं होतं, आणि त्याने तिचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला होता. ती मला म्हणाली, "मी नाटक करत नाहीये." ती करतच नव्हती. पीएच ७.५८ नाटकाने येत नाही, श्वासाने येतो, आणि तो का बिघडला हा पुढचा प्रश्न. शिवाय घाईने टेन्शनचा शिक्का मारला तर दमा, फुप्फुसात अडकलेली गुठळी, डायबेटिसमधला कीटोॲसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणं), ॲस्पिरिनचं विष असली जोरात श्वास लावणारी कारणं निसटतात. (कीटोॲसिडोसिसमध्ये पीएच खाली जातो, हिचा वर होता, म्हणून ते बाजूला झालं.)

चार, ईईजी पुन्हा करायचा, पण नीट. जेवून, व्हिडिओसकट, नाकाजवळ कॅप्नोग्राफची नळी लावून, म्हणजे प्रत्येक श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटांच्या शेजारी दिसत राहील. हाच पर्याय आवडला सगळ्यांना. पण इथेच टीममध्ये खरा वाद झाला.

कारण डावा हात. मुंग्या एका बाजूला जास्त, आणि वय १६. मोयामोया नावाच्या आजारात मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू बंद होत जातात, अशा पेशंटने जोरात श्वास घेतला, रडलं किंवा फुगा फुगवला तरी आधीच अपुऱ्या रक्तपुरवठ्यात आणखी घट होऊन हातपाय लुळे पडू शकतात, स्ट्रोकसुद्धा येऊ शकतो. म्हणून मोयामोया, नुकताच झालेला स्ट्रोक किंवा मेंदूतला रक्तस्राव, सिकल सेल, गंभीर हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर ईईजीत हायपरव्हेंटिलेशन करायचं नसतं. एक मत होतं की नुसत्या हायपरव्हेंटिलेशननेही मुंग्या एकाच बाजूला येऊ शकतात, आणि आधी ५ मिनिटं करून झालंय, काही बिघडलं नाही, तर उगाच थांबायचं कशाला. दुसरं मत होतं की आधी काही झालं नाही हा पुरावा नव्हे, ते नशीब असू शकतं. मी दुसऱ्या बाजूला होतो आणि आजही असेन.

काय केलं

पहिल्या दिवशी नुसती विचारपूस, चांगली लांबलचक. रडल्यावर किंवा पळून दमल्यावर हात-पाय लुळा पडतो का, बोलणं अडखळतं का? नाही. घरात कोणाला कमी वयात स्ट्रोक, अचानक मृत्यू? नाही. सिकल सेलची तपासणी आधीच झालेली, निगेटिव्ह. ईसीजी केला, कारण कोसळणाऱ्या टीनएजरमध्ये हृदयाचा लय बिघडलेला असू शकतो, लाँग क्यूटी हा ईसीजीत दिसणारा दोष शोधायलाच हवा, तो नॉर्मल आला. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, स्पायरोमेट्री (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) ठीक. मेंदूचा एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी लिहून दिली. तारीख मिळायला वेळ लागला, दोन्ही नॉर्मल आले. मग ईईजी.

ते रेकॉर्डिंग जरा जवळून बघू. आडवी पडून शांत असतानाच तिचा कार्बन डायऑक्साइड ३१ होता, म्हणजे एरवीसुद्धा कमी, आणि दर थोड्या वेळाने एक मोठा उसासा, त्याबरोबर आकडा आणखी दोन-तीनने खाली. ही गोष्ट नुसतं बघून कोणाच्या लक्षात आली नसती, ती धापा टाकत नव्हती, फक्त उसासे टाकत होती. मग जोरात श्वास सुरू केले. पहिलं मिनिट संपता संपता आकडा २४, मागच्या बाजूच्या १० हर्ट्झच्या अल्फा लाटा ७ वर आलेल्या. दीड मिनिटानंतर सगळीकडे ५-६ हर्ट्झ. लगेच ती म्हणाली "डाव्या हातात सुरू झालं," टेक्निशियनने तिथे खूण केली, आकडा २१. सव्वादोन मिनिटांना कपाळाच्या बाजूला अडीच-तीन हर्ट्झच्या उंच लाटा, अनोळखी माणसाने बघितलं तर घाबरेल अशा, पण स्पाइक एकही नाही. त्याच वेळी टेक्निशियनने तिला एक शब्द सांगितला, "खिडकी", आणि बटण दाबायला सांगितलं. तिने दाबलं, थोडं उशिरा पण दाबलं. तीन मिनिटांना थांबवलं तेव्हा आकडा १८, बोटं वळायला लागलेली. पाऊण मिनिटात मंद लाटा गेल्या. आकडा मात्र तेव्हा जेमतेम २५ वर आलेला, त्याला पूर्ववत व्हायला आणखी काही मिनिटं लागली. "शब्द कुठला होता?" "खिडकी."

"हेच होतं मला. अगदी हेच," असं ती म्हणाली. झटका जसाच्या तसा उभा राहिला, लाटांसकट, आणि फिट नव्हती.

एक सावधगिरी इथे नोंदवतो. काही मुलांचं अशा मंद लाटांच्या वेळी लक्ष हरपतं, ती डोळे उघडे ठेवून गप्प होतात, आणि तरीही ती फिट नसते. म्हणून बटण नाही दाबलं म्हणजे ॲब्सेन्स असं सरळ गणित नाही, स्पाइक शोधावेच लागतात.

मग तिला स्क्रीन दाखवली. हा निर्णय मुद्दाम घेतला होता. "ही रेघ तुझा श्वास, ही तुझ्या मेंदूची, बघ ही खाली गेली की ही मंदावते." आईवडीलही होते. कोणी मनाचं, टेन्शनचं काही बोललं नाही, आकड्यानेच सगळं सांगितलं. त्यानंतर तिने आपणहून सांगितलं की परीक्षांच्या आधी जास्त होतं. ते आधी कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

उपचार साधा पण चिकाटीचा. फिजिओथेरपिस्टकडे श्वासाचं रिट्रेनिंग, नाकाने, पोटाने, कमी आणि हळू, श्वास सोडताना जास्त वेळ, उसासा आला तर तो गिळायचा किंवा नंतर थोडा थांबा घ्यायचा. "दीर्घ श्वास घे" हा सल्ला घरच्यांनी द्यायचा नाही हे निक्षून सांगितलं, कारण तो सल्ला तिला दर वेळी आणखी खाली ढकलत होता. कागदी पिशवीत श्वास घेणंही नको, त्यात ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो आणि जोरात श्वासाचं कारण हृदय किंवा फुप्फुस असेल तर जीव जाऊ शकतो, तसे मृत्यू नोंदवले गेलेत. परीक्षेच्या भीतीसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे तिने स्वतः वेळ मागितली. लेव्हेटिरॅसिटॅम टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केलं.

निष्पत्ती

गोळी पूर्ण बंद झाल्यावर चिडचिड गेली. झटके एकदम थांबले नाहीत, पण सुरुवात ओळखता यायला लागल्याने ते मुंग्यांवरच थांबायला लागले, कोसळणं पुन्हा झालं नाही. काही महिन्यांनी शांत असतानाचा कार्बन डायऑक्साइड ३७ होता. तापात एकदा पुन्हा बोटं वळली, तेव्हा घरच्यांनी कॅज्युअल्टीत न नेता बसून श्वास हळू करून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा वळणबिंदू म्हणजे तो ब्लड गॅसचा कागद. ऑक्सिजन १०० बघून वाचणं थांबलं. खालच्या दोन ओळी वाचल्या असत्या तर ईईजीच्या चिठ्ठीवर "झटक्यात कार्बन डायऑक्साइड २२" लिहिलं गेलं असतं, आणि रिपोर्ट करणाऱ्याने मंद लाटांकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं. त्या चिठ्ठीवर प्रत्यक्षात फक्त "फिट?" लिहिलेलं होतं. रिपोर्ट करणाऱ्याला सगळा दोष देणं मला पटत नाही, त्याला माहितीच तेवढी दिली होती. पण उपाशी पोट, श्वासाचा जोर, प्रतिसाद तपासला की नाही आणि लाटा कधी गेल्या, या चार गोष्टी रिपोर्टमध्ये नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय हायपरव्हेंटिलेशनमधल्या मंद लाटांना असामान्य म्हणताच येत नाही.

झटक्याचा मोबाइल व्हिडिओ कोणी मागितला नाही. नंतर आईकडे एक निघाला, त्यात उसासे स्पष्ट ऐकू येतात.

आमच्या बाजूनेही एक प्रश्न उरतो. अँजिओग्राफीची वाट बघण्यात बरेच दिवस गेले, आणि त्या काळात गोळी चालू, झटके चालू. थांबणं मला योग्यच वाटतं, पण श्वास हळू करण्याचं शिक्षण तेव्हाच सुरू करता आलं असतं. त्याने कार्बन डायऑक्साइड वरच येतो, मोयामोया असता तरी त्यात धोका नव्हता. पुढे असा पेशंट आला तर स्कॅनची चिठ्ठी आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी एकाच दिवशी द्यायची असं टीममध्ये ठरलंय.

याच जोडीला आयसीयूतली एक गोष्ट आठवते, कारण मूळ तत्त्व तेच आहे. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा कवटीतला दाब उतरवायला व्हेंटिलेटरवर जास्त श्वास देण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती, धमन्या आकसतात, मेंदूतलं रक्त कमी होतं, दाब उतरतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ट्रायलमध्ये कार्बन डायऑक्साइड बराच वेळ २५ च्या आसपास ठेवलेल्या काही पेशंटची ३ आणि ६ महिन्यांनंतरची स्थिती उलट वाईट निघाली, आणि आता तसं सरसकट करत नाहीत, जीवावर बेतलं तर थोड्या वेळापुरतंच. जखमी मेंदूचं रक्त तोडणं परवडत नाही. निरोगी १६ वर्षांच्या मेंदूला तीन मिनिटं परवडतं, पण दिवसातून अनेकदा तेच होत असेल तर शाळेत लक्ष लागत नाही, डोकं जड राहतं, या तिच्या तक्रारी खोट्या नव्हत्या.

फाइलवरचा एपिलेप्सीचा शिक्का काढायला स्वतंत्र पत्र लिहावं लागलं, कारणांसकट, नाहीतर तो पुढच्या प्रत्येक डॉक्टरकडे तसाच जातो. पोहण्याची परवानगी त्याच पत्रात दिली, फक्त एका अटीवर: पाण्याखाली जाण्याआधी भराभर मोठे श्वास घ्यायचे नाहीत. त्याने कार्बन डायऑक्साइड घसरतो, श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन संपतो आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. ही अट तिच्या कोचलाही लेखी दिलीये, आणि कोचने ती सगळ्याच मुलांना लावली.